वीस फुटांचा जिना

३ नोव्हेंबर

पायऱ्या २७८. दुखलं? – हो.

४ नोव्हेंबर

पायऱ्या ३१०. किल्ली घरी राहिली, परत चढले. दुखलं? – हे काय विचारणं झालं!

५ नोव्हेंबर

पायऱ्या २७८.

डॉक्टरीणबाईंनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितेय, नाहीतर मला कुठली हौस. "रोज किती पायऱ्या चढलात आणि किती दुखलं, एवढंच लिहा. लिहिता येतं ना?" चौथी पास आहे म्हटलं. डायरी चौथ्या मजल्यावरच्या आजींनी दिली. गेल्या वर्षीची आहे, कोरी. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. त्यांना म्हणे वर्षभरात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.

माझा धंदा जिने पुसायचा. एक चार मजली इमारत, एक तीन मजली. लिफ्ट कुठेच नाही. आधी झाडू घेऊन वर जायचं, झाडत खाली यायचं. मग बादली घेऊन वर जायचं, पुसत खाली यायचं. प्रत्येक जिना दोनदा. चार मजलीच्या १४४, तीन मजलीच्या १०२, आणि आमची भाड्याची जागा दुसऱ्या मजल्यावर, त्या ३२. झाल्या २७८. उतरायच्या वेगळ्या. खरं तर उतरतानाच जास्त कळ येते. पण ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर

पायऱ्या ३२. सुट्टी.

सुट्टी कसली! दिवसभर भांडण.

आमची एक जागा आहे. आठ वर्षं नुसती पडून आहे, चिंचोळी, डाव्या हाताला शेजाऱ्याची भिंत, समोर रस्ता. यंदा बांधायचंच असं ठरलं. पोराचं लग्न होऊन वर्ष झालं, दोन खोल्यांत चार माणसं, मध्ये पडदा. पडद्याला कान असतात, हे मी आणि सूनबाई दोघी जाणून आहोत.

नवरा गवंडी. सगळं जग त्याला मिस्तरी म्हणतं, मी पण इथे मिस्तरीच लिहिते. तोंडावर 'अहो'. कागदावर 'तो'. कागद काय सांगायला जातोय!

मिस्तरी म्हणाला, "दोन मजले. खाली आपण, वर ही दोघं."

मी म्हटलं, "एक मजला. सगळे खाली."

सूनबाई लगेच, गोड आवाजात – "आई, बाहेरून जिना घेतला ना, तर आमच्या येण्याजाण्याची तुम्हाला झोपमोड नाही होणार." झोपमोडीची एवढी काळजी! सकाळी डबे आपटताना कुठे जाते?

पोरगा म्हणतो, "बैठं घर गोदामासारखं दिसतं गं आई."

"गोदामाच्या दारात गाडी तरी थेट लागते," मी म्हटलं.

मिस्तरीचा आवाज चढला. "पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे वरचे मजले बांधले. स्वतःचा एक नको?"

"आणि मी वीस वर्षं दुसऱ्यांचे जिने पुसले. स्वतःच्या घरात पण एक हवा?"

तेव्हा सूनबाई म्हणाली, अगदी हळू, "पण आई, तुम्हाला वर चढायला कोण सांगतंय?"

सगळं ऐकून घेतलं असतं. हे नाही ऐकवलं. म्हणजे वर माझं कामच नाही. माझ्या पोराच्या घरात मी खालची बाई. जिन्याच्या पायथ्याशी बादली घेऊन.

१० नोव्हेंबर

पायऱ्या २७८. प्रत्येक पायरीला सूनबाईचं वाक्य.

१३ नोव्हेंबर

पायऱ्या २७८.

चौथ्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, तुम्ही खाली शेवटच्या कधी उतरलात? म्हणाल्या, "दोन वर्षं झाली असतील. पहिले दोन महिने वाईट वाटलं. मग सवय झाली." गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडतात, भाजीवाला खालून भरून देतो. एवढी शिकलेली बाई, शाळेत मास्तरीण होती, आणि आता दोरीच्या टोकाला जग.

मी त्यांचा उंबरा दोनदा पुसला. उगाच.

१८ नोव्हेंबर

पायऱ्या १३४. चार मजलीला बुट्टी मारली, दवाखान्यात गेले.

मिस्तरी स्वतःहून बरोबर आला. मला वाटलं सूर्य कुठे उगवला. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरला. "हाडाला हाड घासतंय. असंच चढत राहिलात तर दोन वर्षांत घराबाहेर पडणं कठीण होईल." मी मिस्तरीकडे पाहिलं. म्हटलं आता तरी ऐकलंस ना? चेहरा सिमेंटसारखा.

बाहेर आले तर हा गायब! मी भिंत धरून उभी, औषधाची चिठ्ठी हातात, आणि हा कुठे? तर मागच्या दाराला, जिथून आजाऱ्यांच्या ढकलगाड्या आत घेतात, तिथे. वाकून फरशी बघतोय. मग खालून वर पावलं टाकत मोजत आला, परत खाली गेला. वॉर्डबॉय हसत होता. मी भर दवाखान्यात ओरडले, "बायकोचा गुडघा गेला आणि तुम्ही लोकांची फरशी तपासताय?"

म्हणाला, "चांगलं काम आहे."

पंचवीस वर्षं झाली लग्नाला. ह्या माणसाला माझ्यापेक्षा फरशीचं काम जास्त कळतं.

१९ नोव्हेंबर

पायऱ्या २७८. बोलणं बंद. मी त्याच्याशी, तो माझ्याशी.

३० नोव्हेंबर

पायऱ्या ३२.

अजून बंद. तो तसाही मुक्याचा भाऊ. कामावर दोन शब्द, घरी एक. त्याचं सगळं बोलणं जमिनीवर. कुणाचंही घर असो, आधी चुना-फक्कीने जागेवर पुरतं घर आखतो – हॉल, खोली, मोरी, दारांच्या जागा. मालकाला म्हणतो, चाला आतून. चालून बघा. मग पाया खोदायला माणसं येतात, त्यांना एकच सांगणं – फक्कीवर खोदा, कुणाला विचारू नका. रेघ म्हणजे हुकूम.

लग्न झालं तेव्हा दोन वर्षं मी त्याच्याबरोबर जागेवर जायची. दोरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. मी टोक दाबून धरायची, तो दोरीवरून फक्की सोडत यायचा, वाकून, माझ्याकडे. रेघ संपायची ती माझ्या पायाशी.

मग पोरगा झाला आणि मी जिन्यांवर गेले. आता टोक खुंटीला बांधतो.

७ डिसेंबर

पायऱ्या ३२.

सकाळी नटूनथटून कुठे निघाला विचारलं. सूनबाईला मध्ये घालून विचारलं – "विचार गं तुझ्या सासऱ्यांना." उत्तर आलं, "ग्रिलवाल्याकडे." अजून पाया नाही आणि ग्रिल! वरच्या गॅलरीचं असणार. सूनबाईने गालातल्या गालात हसून घेतलं.

१२ डिसेंबर

पायऱ्या २७८.

भाजी परतत होते. मागून आला, टेप काढली, जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत माप घेतलं. माझा हात धरून नीट बाजूला घेतला आणि घेतलं. महिन्याभरात पहिल्यांदा हात लावला तो असा – टेप घेऊन. ओट्यासाठी असेल. म्हटलं, "ओटा उंच नको, हात दुखतात." आकडा हातावर लिहून गेला.

२१ डिसेंबर

पायऱ्या ३२.

आज जागेवर गेले. एकटी. बस, मग वीस मिनिटं चालत, मध्ये दोनदा कट्ट्यावर बसत. सूनबाई फोनवर तिच्या बहिणीला म्हणत होती, "उद्या खोदायला येणार." मला कोण सांगतंय! म्हटलं, बघून तरी येऊ आपल्याला कुठे पुरणार आहेत.

मिस्तरी नव्हता. दुसऱ्या साईटवर त्याचा स्लॅब, आजचा दिवस आणि उद्याचा.

घर आखलेलं होतं. पांढरं, सरळ, एकही रेघ थरथरलेली नाही. पुढे मोठी खोली, मागे दोन लहान, डाव्या अंगाला रस्त्याकडे स्वयंपाकघर आणि त्याच्यामागे मोरी. मी दारातून शिरले. खरंच दारातून – भिंतीवरून पाय टाकून जायचं धाडस झालं नाही. स्वयंपाकघरात उभी राहिले. चार पावलांत संपलं.

आणि मग दिसला. डाव्या भिंतीला लागून, शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंतच्या त्या पट्टीत, रस्त्यापासून सरळ मागे – तीन फूट रुंद. जिना! बाहेरून! सूनबाईने मागितला तस्सा.

पावलांनी मोजला. वीस फूट! एवढा लांब जिना कुणी ऐकलाय? लोळत चढायचं असेल राणीसाहेबांना. पायऱ्यांच्या आडव्या रेघा मारल्या नव्हत्या, म्हटलं मारेल मागाहून. आणि त्याच्या टोकाला माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक दार सोडलेलं. हे कशाला? तर वरून उतरायचं, दारातून हात घालायचा, भरलेले डबे उचलायचे, परत वर! म्हणजे बिऱ्हाड वेगळं आणि चूल माझी.

डॉक्टरीणबाईंचं त्याने ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं. तरी आखला.

शेजारच्या साईटवरून झाडू आणला.

वीस वर्षं मी जिने झाडते. ह्याच्याइतका सोपा जिना मला कधी मिळाला नाही. वाकून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फक्की नाकात गेली, डोळ्यांत गेली. दहा मिनिटांत वीस फूट साफ! मग त्याचीच दोरी घेतली, खुंटी ठोकली, कोपऱ्यातल्या पोत्यातली उरलेली फक्की घेतली, आणि स्वयंपाकघराची भिंत ढकलली तीन फूट बाहेर. पार शेजाऱ्याच्या भिंतीला. मोरीची पण. दार मिटवून टाकलं. हात विसरला नव्हता. माझी रेघ त्याच्याइतकीच सरळ आली – त्याच्याइतकी नाही, पण आली.

मग माझ्या नव्या स्वयंपाकघरात उभी राहिले. सहा पावलं!

घरी आले. जेवले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२२ डिसेंबर

पायऱ्या २७८. दुखलं? – नाही आठवत.

खोदायला माणसं आली असतील. फक्कीवर खोदलं असेल. कुणाला विचारलं नसेल!

२३ डिसेंबर

पायऱ्या २७८.

मिस्तरी आज संध्याकाळी जागेवर जाऊन आला. पायाला माती तशीच. दारात उभा राहिला. मी पीठ मळत होते, तयारच होते. होऊन जाऊ दे.

म्हणाला, "रेघ कोणी बदलली?"

"मी."

पायाची माती उंबऱ्याला घासली. मग, "तुला स्वयंपाकघर मोठं हवं होतं?"

"हो. हवं होतं. तुम्हाला कधी विचारायचं सुचलं?"

"बरं," म्हणाला.

नुसतं बरं! मी दहा वाक्यं तयार ठेवली होती. एकही खर्ची पडलं नाही. मग तो मोरीत गेला आणि खूप वेळ पाय धूत होता.

हरला म्हणजे माणूस असाच करतो.

२४ डिसेंबर

पायऱ्या २७८. सूनबाईला अजून माहीत नाही. तिला वर बघत बसू दे.

१५ जानेवारी

पायऱ्या २७८. दुखलं – दोन्ही.

जागेवर जात नाही. पाय तेवढे चालत नाहीत, आणि त्याच्या कामात लुडबुड नको. काम चाललंय म्हणे.

९ फेब्रुवारी

पायऱ्या २०६.

चार मजली सोडली. सेक्रेटरी म्हणाला, "मावशी, तुमच्यानंतर कोण येणार एवढ्या कामाला?" म्हटलं, तुम्ही या. आजींना सांगायला शेवटचं वर गेले. त्यांनी डायरीची चौकशी केली. "लिहितेस?" लिहिते. "काय लिहितेस?" पायऱ्या. हसल्या.

२९ मार्च

पायऱ्या ३२.

स्लॅब पडून आज पंधरा दिवस. बघायला गेले, पोराच्या गाडीवर बसून.

दारापर्यंत मजुरांनी लांब फळी टाकलेली, विटांच्या गाड्या ढकलायला. मी त्या फळीवरून चालत सरळ आत गेले. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही.

स्वयंपाकघर म्हणजे मैदान! पोरगा म्हणतो, "आई, इथे गाडी लावायची का?" लाव म्हटलं, फोडणी देताना हॉर्न वाजवीन. दोघं हसलो. किती दिवसांनी.

सेंटरिंगवाला फळ्या सोडवत होता. सहज म्हटलं, वर चढवायला सळया किती सोडल्यात? म्हणाला, "कुठल्या सळया? मिस्तरींनी सोडायच्याच नाहीत म्हणून सांगितलं होतं. सगळ्या आतच वळवल्या. ह्या घरावर आता मजला चढत नाही, मावशी."

वर मजलाच नाही! मी फक्त जिना पुसला होता, ह्याने मजलाच सोडून दिला. पोराचा चेहरा पडला. मोबाईल काढून बघत बसला. सूनबाई घरी ऐकून दोन तास पडद्यामागे. पडद्याला कान असतात – मी सगळं ऐकलं. "तुझ्या आईने जिंकलं." हो गं बाई. जिंकलं. जन्मात एकदा.

३० मार्च

पायऱ्या १३४. आज त्याच्याशी बोलले. "चहा घेणार?" घेतला.

१९ मे

पायऱ्या १३९.

नवीन पाच मिळवल्या आहेत. मोजून ठेवते, डॉक्टरीणबाईंना दाखवीन.

रंग झाला, दारं लागली, म्हणून आज सगळी मिळून गेलो. फळी काढून टाकलेली. आणि दारासमोर – पायऱ्या. पाच. माझ्या घराला!

मी रस्त्यावरच उभी. आधी कळेचना. माझं घर तर सपाट होतं. मी चालले होते त्यातून, डिसेंबरात, एका पातळीत सगळं. आता लिहिताना उजेड पडतोय – फक्की जमिनीवर असते. फक्कीत घर सपाटच दिसतं. उंची तिच्यात दिसतच नाही. पंचवीस वर्षं गवंड्याची बायको, आणि जोतं डोक्यातच आलं नाही!

पण त्याच्या तर डोक्यात होतं?

म्हणाला, "रस्त्याचं पाणी आत येतं. जोतं अडीच फूट घ्यावंच लागतं." मग म्हणाला, "पायरी बसकी केलीय. कड गोल केलीय. चढून बघ."

चढून बघ!

मी तिथेच सुरू झाले, भर रस्त्यात. शेजारी गॅलरीत आले. म्हटलं, मुद्दाम केलंत. जिना होऊ दिला नाही म्हणून पायऱ्या ठोकल्यात दारात. सूड. तोंडाने बोलायचं नाही आणि हाताने मारायचं. आधी का नाही बोललात? पोरगा म्हणाला, "आई, पुरे." पुरे काय! म्हटलं, लोकांच्या घरी संगमरवर बसवता. पंचवीस वर्षांत माझ्यासाठी तुमच्या हातून एक सरळ वाट झाली नाही.

तो ऐकत होता. थापी हातात होती, तिच्यावरचं वाळलेलं सिमेंट नखाने काढत होता.

म्हटलं, "बाजूने काहीतरी करा. फळीसारखं. मी फळीवरून गेले होते."

म्हणाला, "आता बाजू कुठे आहे?"

डावीकडे शेजाऱ्याची भिंत आणि माझं स्वयंपाकघर, मध्ये बोट जात नाही. उजवीकडे गटार. समोर पायऱ्या संपतात तिथे रस्ता.

"तुला स्वयंपाकघर हवं होतं ना," म्हणाला. रागाने नाही. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं.

सूनबाईने माझा दंड धरला आणि चढवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. ती पण मोजत होती.

१ जून

पायऱ्या ५. राहायला आलो. सामान सगळ्यांनी चढवलं, मला शेवटी.

तीन मजली पण सोडली. तिथे रोज जायचं म्हणजे आधी इथून उतरायचं. उतरताना काय होतं ते कुणी विचारलं नाही, आता मीच सांगते – उतरताना गुडघा अडकतो. चौथ्या पायरीवर अडकला की ना वर ना खाली.

७ जून

पायऱ्या ०.

१२ जून

पायऱ्या ०.

मिस्तरी सकाळी जाताना विचारतो, "बाहेर नेऊ?" म्हणते, मी काय कपाट आहे का न्यायला. जातो. पाचव्या पायरीवर क्षणभर थांबतो, रोज. काय बघतो कोण जाणे.

१६ जून

पायऱ्या ०. भाजीवाल्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली. पिशवी खाली सोडली. दोरी लागली नाही. अजून.

२० जून

पायऱ्या ०.

दुपारी ग्रिलवाला आला. टेम्पोतून एक लांबच लांब लोखंडी कठडा उतरवला, वरून गुळगुळीत लाकूड बसवलेलं. खिडकीतूनच म्हणाला, "मावशी, हा ठेवू कुठे? मिस्तरींनी नंतर नको म्हणून निरोप दिला होता, पण तोवर कापून झाला होता. माझ्या दुकानात वाट अडते, म्हणून आणून टाकतोय."

म्हटलं, कसला कठडा? गॅलरी तर नाही बांधली.

"गॅलरीचा नव्हे हो! उताराचा. डिसेंबरात सांगितला होता. दवाखान्यात असतो तसा उतार करतोय, रस्त्यापासून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, वीस फूट. बायकोच्या कोपराचं माप हातावर लिहून आणलं होतं. तिला लोखंड गार लागेल, वर लाकूड बसव म्हणाले."

मग त्याने वाकून घराच्या डाव्या अंगाला बघितलं, उजव्या अंगाला बघितलं.

"उतार कुठाय?"

मी त्याच्यावरच उभी होते. ओट्यापाशी.